भाड्याच्या घरात गळती, पडलेलं प्लास्टर, तुंबलेली लाइन: दुरुस्तीची तक्रार मोबाईलवरून नेमकी कशी आणि कुठे करायची?

इंजिनीअरिंग संपवून पुण्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक टू बीएचके भाड्याने घेतला होता. जुलैमध्ये बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आली. ऑगस्टपर्यंत बेडरूमच्या रंगाचे पोपडे सुटायला लागले. मालक काकांना मी किती फोन केले असतील त्याचा हिशोब नाही. ते दर वेळी छान बोलायचे. "हो रे, पाठवतो माणूस." माणूस काही आला नाही. अकरा महिन्यांनी घर सोडताना काकांनी डिपॉझिटमधून अठरा हजार कापले. कारण काय, तर "भिंत तुम्ही खराब केलीत." आमच्याकडे दाखवायला काय होतं? कॉल लॉगमधला एक नंबर. त्यातल्याही जुन्या नोंदी फोनने कधीच पुसून टाकल्या होत्या.

गंमत बघा, ऑफिसमध्ये साधा बग सापडला तर आपण तिकीट टाकतो, स्क्रीनशॉट जोडतो, तारीख टाकतो, कोणाच्या नावावर आहे ते लिहितो. आणि ज्या घरासाठी पगाराचा तिसरा हिस्सा जातो, त्याची तक्रार मात्र तोंडी. या लेखात महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं बघूया, मुख्यतः मुंबई आणि पुणे: घरात काही बिघडलं तर कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, आणि कोणी ऐकलंच नाही तर हातात काय उरतं.

आधी करारनामा उघडा

तुम्ही 'भाडेकरू' आहात की 'परवानाधारक'? आपण रोजच्या बोलण्यात स्वतःला भाडेकरूच म्हणतो, पण कायद्यात हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि सगळा खेळ इथेच आहे.

आज शहरात नोकरी-शिक्षणासाठी राहणारे बहुतेक तरुण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. यात मालक तुम्हाला घर वापरायची परवानगी देतो, घरावर तुमचा भाडेकरूचा हक्क तयार होत नाही. याउलट चाळीतली जुनी खोली, पागडीचं घर, वडिलांच्या नावाची भाडेपावती, हे झालं खरं भाडेकरूपण.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम १४ भाडेकरूच्या बाजूने चांगलंच भक्कम आहे. त्यानुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घर राहण्याजोगं आणि दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस दिली आणि तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा मालकाकडून वसूल करू शकतो. मर्यादा एकच: एका वर्षात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. म्हणजे भाडं महिना ४,००० असेल तर वर्षाचे झाले ४८,०००, आणि वळते करता येतील जास्तीत जास्त १२,०००. अनेक भाडेकरूंनी मिळून दुरुस्ती केली, तर ज्याचं जेवढं भाडं त्या प्रमाणात वजावट. आणि यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे भाडेकरूने ठेवलेला हिशोब आणि बिलं हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून प्लंबरकडून पक्कं बिल घ्या. जीपेचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे, तो फक्त पैसे गेल्याचा पुरावा.

पण लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनो, थांबा. हे कलम 'भाडेकरू'साठी आहे. रील बघून कोणीतरी सांगतं, "सरळ भाड्यातून कापून टाक, कायदा आहे," आणि पोरं कापतात. तुमच्या बाबतीत करारनाम्यात काय लिहिलंय तेच मुख्यतः चालतं. भाडं कमी दिलंत तर करार तुम्हीच मोडलात असं मालक म्हणू शकतो. कापायचंच असेल तर मालकाचा लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर "ठीक आहे, या महिन्यात ३,५०० कमी दे" एवढं आलं तरी खूप झालं.

करारात दुरुस्तीचं कलम शोधा. बहुतेक ठिकाणी साधारण असं असतं: छोट्यामोठ्या दुरुस्त्या राहणाऱ्याने करायच्या, इमारतीच्या बांधकामाशी संबंधित मोठ्या दुरुस्त्या मालकाने. 'छोट्यामोठ्या' म्हणजे किती, हे कोणीच लिहीत नाही. नवा करार करत असाल तर एजंटला सांगून एक वाक्य घालून घ्या, की अमुक रुपयांपर्यंतची दुरुस्ती आमच्याकडे, त्यावरची मालकाकडे, आणि गळती, वायरिंग, ड्रेनेज कायम मालकाकडे. करार ऑनलाइन नोंदवला जातो तेव्हा मसुदा तुम्हाला दाखवतातच. अंगठा लावायच्या आधी तो वाचायला दहा मिनिटं लागतात.

करार नोंदवलेलाच नाही? कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तोपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे भांडायला वापरू नका, पण माहीत असू द्या.

पाणी नेमकं येतंय कुठून?

तक्रार कोणाकडे करायची हे बिघाड कुठला आहे त्यावर ठरतं. गळतीचंच घ्या, कारण निम्म्याहून जास्त भांडणं तिथेच होतात असा माझा तरी अनुभव. प्लंबर यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं निरीक्षण करा. चोवीस तास सारखं ठिबकतंय? तर बहुधा दाबाची पाण्याची पाइप फुटली आहे. वरच्यांनी आंघोळ केली की अर्ध्या तासाने ठिबकतं आणि दुपारी थांबतं? मग वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. फक्त पाऊस पडला की ओल येते? मग बाहेरची भिंत किंवा गच्ची. खात्री करायला प्लंबर वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी सोडून खाली तोच रंग उतरतो का बघतात.

याचा फायदा असा की पैसे कोणी द्यायचे ते जवळजवळ ठरूनच जातं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती, बाहेरून येणारं पावसाचं पाणी, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूम-सिंकमधून येणारी गळती असेल तर सोसायटीच्या आर्किटेक्टकडून कारण शोधून खर्च संबंधित फ्लॅटधारकाने सोसायचा. आणि तुमच्याच नळाचा वॉशर गेला असेल तर तो तुम्हीच बदला, त्यासाठी मालकाला फोन करू नका.

इथे एक अडचण येते. सोसायटीचे सभासद तुम्ही नाही, मालक आहे. सेक्रेटरी काका हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकणार, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चूक नसतात. म्हणून सोसायटीला अर्ज मालकाच्या मेलवरून जायला हवा. मालक परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असेल तर अर्ज तुम्ही टाइप करून द्या, त्यांना फक्त पुढे पाठवायला सांगा. आळशी माणसाकडून काम करून घ्यायचं तर त्याचं काम दोन टॅपवर आणून ठेवावं लागतं.

विजेचं वेगळं. मीटरपर्यंतचं वीज कंपनीचं, मीटरनंतरचं वायरिंग घरमालकाचं. मीटर जळाला, ठिणग्या उडतायत, तर महावितरणच्या भागात १९१२ ला फोन करा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांपैकी बिलावर ज्याचं नाव आहे त्यांच्याकडे. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच बंद. फोटो नंतर. घरात सिलिंडरच्या गॅसचा वास येत असेल तर १९०६, आणि तोपर्यंत कुठलंही बटण चालू-बंद करू नका, बाहेर येऊनच फोन लावा.

फोनमध्ये पुरावा कसा ठेवायचा

आता आपला विषय.

फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत आणखी माहिती दडलेली असते: कधी काढला, कुठल्या फोनने, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली असेल तर कुठे. याला एक्झिफ डेटा म्हणतात. तुम्ही तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की फाइल दाबून लहान केली जाते आणि ही माहिती गळून पडते. म्हणून मालकाला फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा मेलला जोडा. आणि मूळ फोटो फोनमध्ये तसाच राहू द्या. त्यावर लाल गोल काढायचा असेल तर त्याची वेगळी प्रत करून त्यावर काढा. फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना, तेही एकदा बघा.

नुसत्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही घराचा असू शकतो. त्यामुळे व्हिडिओ सलग घ्या: दारावरच्या फ्लॅट नंबरपासून सुरुवात, मग हॉल, मग ती भिंत, न थांबता. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. आठ दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेलेला दिसला की "थोडीशी तर ओल आहे" हा मुद्दा संपतो. घर ताब्यात घ्यायच्या दिवशीच असा एक व्हिडिओ करून ठेवलात तर फारच उत्तम. आम्ही तेव्हा हेच केलं नव्हतं.

व्हॉइस नोट टाळा. त्यात शोधता येत नाही आणि कोणी ऐकतही नाही. चॅटमध्ये मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू असेल तर आधी बंद करा. महिन्यातून एकदा 'एक्सपोर्ट चॅट' करून ती फाइल स्वतःला मेल करा.

पहिला मेसेज कसा असावा? मी दुसऱ्या घरात असताना पाठवलेला जवळजवळ तसाच देतो:

"नमस्कार काका. आज ९ जुलैला संध्याकाळी मोठ्या बेडरूमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं आहे. पाच मिनिटांत मगभर पाणी जमतं. गिझरचा बोर्ड जवळच असल्यामुळे आम्ही गिझर बंद ठेवला आहे. फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. वरच्या काकूंना विचारलं, त्या म्हणतात सोसायटीने बघावं. आम्ही सभासद नसल्याने तुम्ही सेक्रेटरींना मेल केलात तर बरं होईल, मजकूर लिहून देतो. प्लंबर पाठवणार असाल तर शनिवार-रविवार आम्ही दिवसभर घरी आहोत."

यात राग नाही, कायदा नाही. काय झालं, कधी झालं, किती झालं, आम्ही काय काळजी घेतली, तुमच्याकडून काय हवंय आणि आम्ही कधी सापडू, एवढंच. "काळजी घेतली" हा भाग सोडू नका. नुकसान वाढू दिलं असं उद्या कोणी म्हणायला नको.

काकांनी उत्तरादाखल फोनच केला, कारण काका लोक फोनच करतात. हरकत नाही. बोलणं झालं की लगेच टाइप करायचं: "काका, आत्ता बोललो तसं शनिवारी ११ वाजता प्लंबर येतोय आणि खर्च तुमच्याकडे. बरोबर ना?" समोरून अंगठ्याचा इमोजी आला तरी चालेल, काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हे सगळं कोर्टात चालतं का, असा प्रश्न नेहमी येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार चॅट, फोटो, व्हिडिओ यांच्या प्रती पुरावा म्हणून देताना सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू विचारलेली असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो, त्यामुळे फाइलशी छेडछाड झालेली नाही हे दाखवता येतं. प्रमाणपत्राचं वकील बघतील, तुम्ही आज एवढंच करा: मूळ फाइल हलवू नका, एडिट करू नका, आणि वाद मिटेपर्यंत तो फोन रीसेट करून विकू नका.

मेसेजने काम झालं नाही तर

आठ-दहा दिवस शांतता असेल तर लेखी नोटीस. यासाठी वकील लागतोच असं नाही. साध्या कागदावर तुमचं नाव, घराचा पत्ता, कराराची तारीख, बिघाड काय, आधी कधी-कधी कळवलं त्या तारखा, आणि "हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी" असं स्पष्ट वाक्य. खाली सही. मेलवरही पाठवा आणि पोस्टानेही. आपण ज्याला रजिस्टर्ड पोस्ट म्हणायचो ती सेवा आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, त्यामुळे काउंटरवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. पावतीचा फोटो लगेच काढा, थर्मल कागदावरची शाई दोन महिन्यांत उडून जाते. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याचाही स्क्रीनशॉट.

मालकाने चिडून पाणी किंवा लाइटच तोडली तर? कलम २९ प्रमाणे पुरेसं कारण नसताना भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई अशा अत्यावश्यक सोयी तोडता येत नाहीत. भाडेकरू कोर्टात अर्ज करून त्या परत सुरू करून घेऊ शकतो, आणि तोडणाऱ्यावर फौजदारी कारवाईही होऊ शकते. मुंबईत असे भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. परवानाधारक असाल आणि धमकी-दमदाटी सुरू झाली, तर ११२ आणि जवळचं पोलीस ठाणे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना तर उत्पन्न कितीही असलं तरी. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. दावा दाखल करायच्या आधी दोन्ही बाजूंना बोलावून मध्यस्थी करण्याची सोयही तिथेच आहे, आणि डिपॉझिटच्या वादासाठी कोर्टापेक्षा ती मला जास्त शहाणपणाची वाटते.

महापालिका कधी?

तुंबलेली रस्त्यावरची लाइन, नळाला गढूळ पाणी, बाहेरून लोंबणारी गॅलरी, स्लॅबच्या उघड्या पडलेल्या गंजक्या सळया: हे पालिकेचं काम. मुंबईत १९१६ वर फोन, किंवा महापालिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटबॉटवर ८९९९२२८९९९. पुण्यात पीएमसी केअर अ‍ॅप किंवा १८०० १०३ ०२२२. फोटो, लोकेशन टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तक्रार 'निकाली' दाखवली पण प्रत्यक्षात काहीच झालं नाही, असंही होतं. मग त्याच क्रमांकाचा उल्लेख करून नवा फोटो घेऊन वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यायचा आणि प्रतीवर शिक्का घ्यायचा. अ‍ॅपला जे जमत नाही ते कधीकधी शिक्क्याला जमतं.

धोकादायक इमारतींची मुंबई महापालिका वर्गवारी करते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं मालकावर किंवा सोसायटीवर बंधनकारक आहे. घर बघायला जाल तेव्हा सहज विचारा, "ऑडिट झालंय का?" उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

गिरगाव, लालबाग, भायखळा, दादर या शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या बऱ्याचशा भाड्याच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे सेस इमारती आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचं स्वतंत्र दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. तिथे मालक पन्नास वर्षांपूर्वी गायब झालेला असतो आणि भाडं खोलीमागे दोन-तीनशे, त्यामुळे 'मालकाला कळवा' हा सल्ला निरुपयोगी. अर्ज मंडळाच्या विभागीय कार्यालयात, शक्यतो मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांनी, आणि पावसाच्या आधी. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. त्यात आपलं नाव शोधायला लाजू नका. इमारत रिकामी करायची वेळ आलीच, तर भाडेपावत्या, लाइट बिलं आणि आपल्या खोलीचं क्षेत्रफळ नोंदवलेला कागद घेतल्याशिवाय निघू नका. घरच्या आजी-आजोबांकडे पिशवीत कोंबलेल्या त्या पावत्या आजच स्कॅन करून ड्राइव्हवर टाका.

घर सोडताना

"डिपॉझिट दिल्याशिवाय घर सोडणार नाही" हा पवित्रा लिव्ह अँड लायसन्समध्ये अंगाशी येतो. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या मासिक रकमेच्या दुप्पट भरपाई लागू शकते. त्यापेक्षा महिनाभर आधीच लेखी कळवा, शेवटच्या दिवशी मालक किंवा त्यांचा माणूस समोर असताना पहिल्या दिवसासारखाच सलग व्हिडिओ घ्या, मीटर रीडिंगचा फोटो काढा, किल्ल्या दिल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. दुसऱ्या घरी आम्ही हे सगळं केलं होतं. तिथल्याही काकांनी शेवटी "त्या बाथरूमच्या छताचं काय?" असं विचारलंच. मी ९ जुलैचा मेसेज उघडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, वर-खाली केलं, आणि मग चहा मागवला. डिपॉझिट दोन दिवसांनी आलं, फक्त साफसफाईचे पाचशे वजा करून.